कळशीचं तोंड गोल असतं

"पण कळशीचं तोंड गोल असतं की नाही, एवढंच सांगा मास्तर!"

दिगंबर लाटकरांचा आवाज चढला होता. समोर पाटावर पितळेची कळशी होती. मांडीवर फळी, फळीवर जुन्या वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर कोळशाने काढलेली तीच कळशी. तिचं तोंड चांगलं गरगरीत गोल होतं.

यल्लाप्पा मास्तरांनी कागद हातात घेतला. लांब धरला. जवळ धरला.

"असतं की," ते म्हणाले. "गोलच असतं."

"मग माझं चुकलं कुठे?"

"ह्यात पाणी भरा बघू."

"या… कागदावरच्या कळशीत?"

"व्हय."

दिगंबररावांनी कागदात डोकावून बघितलं.

"समदं सांडंल," मास्तर म्हणाले. "तोंड आमच्याकडं वळलंय, अन् बूड जमिनीवर सपाट बसलंय. अशी कळशी तांबटानं केली तर गिऱ्हाईक त्येच्याच डोक्यात घालंल."

दिगंबरराव गप्प झाले. पण पटलं होतं म्हणून गप्प झाले, असं समजू नका. मोजणी खात्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस इतक्या लवकर पटवून घेत नसतो. तालुक्यातल्या निम्म्या गावांचे नकाशे त्यांच्या हातचे. विहीर म्हणजे गोल, घर म्हणजे चौकोन, ओढा म्हणजे दोन रेघा. भाऊबंद बांधावरून एकमेकांच्या नरडीला लागत, पण लाटकर साहेबांनी मारलेल्या रेघेबद्दल कुणी ब्र काढत नसे. जन्मभर सगळं वरून बघायचं आणि कागदावर उतरवायचं, ही सवय हाडात मुरलेली. घारीने जमीन बघावी तसं हा माणूस सगळं बघायचा, आणि आपण असं बघतो हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"मला लंबगोल शिकायला वेळ नाही मास्तर," शेवटी ते म्हणाले. "तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"हाय ठावं."

"मग?"

मास्तरांनी कागद परत त्यांच्या मांडीवर ठेवला. तो उलटा करून ठेवला, म्हणजे कोरी बाजू वर आली.

---

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मिरजेच्या जिनगर आळीतले, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. एके काळी राजवाडा म्हणू नका, रस्ता म्हणू नका, अरण्य, तुरुंग, देऊळ, सगळं त्यांच्या हातून कापडावर उतरलं होतं. पुढे कंपन्या बुडाल्या. थिएटरला टाळं लागलं. थिएटरच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे रंगात मिसळायचा सरस शिजवायची चूल होती, तिथे मास्तर राहून गेले. अंगात बंडी, डोक्याला विटका रुमाल, वय सत्तरीच्या पुढे. चहाची बशी धरताना त्यांचा हात थरथरायचा. रेघ ओढताना थरथरत नसे. हे कसं काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिगंबरराव त्यांच्याकडे आले ते अक्कापायी.

आई गेली तेव्हा दिगंबर पाच वर्षांचे होते आणि अक्का चौदाची. कृष्णेकाठचं लहानसं गाव; तिथे फोटो काढणारा कोण येणार? आईचा एकही फोटो नव्हता. अक्काने धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वाढवलं. शेण काढताना कडेवर, बाजाराला जाताना कडेवर. सात वर्षांचा घोडा झाला तरी ही पोर त्याला खाली ठेवीना, म्हणून गाव हसायचं.

आता अक्का साठीला टेकली होती, भावाकडेच राहत होती, आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अक्का ते आपल्या भाषेत सांगायची. "आधी परातीएवढं दिसायचं रं दिगू. आता वाटीएवढं दिसतंय."

आणि एक दिवस ताट पुढे असताना म्हणाली, "एवढे नकाशे काढतोस. आईला काढ की. एकदा बघू दे मला. मग डोळं गेलं तरी माझी तक्रार न्हाई."

दिगंबररावांनी हातातला घास ताटात ठेवला. वाटी मिटायच्या आत आई कागदावर आली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. कुणा चित्रकाराला सांगून काय उपयोग? चेहरा उरला होता तो या दोघांच्या आठवणीत. अक्काच्या हाताला काढता येत नव्हतं. उरले दिगंबरराव.

पहिल्या दिवशी ते मास्तरांच्या खोलीत गेले तेव्हा बरोबर फळी होती, उत्तम कागद होता, कंपासपेटी होती आणि सागवानी फूटपट्टी होती.

मास्तरांनी पट्टी उचलली, न्याहाळली, आणि खोलीची खिडकी सारखी मिटत होती तिला टेकू म्हणून लावली.

"झकास झालं," ते म्हणाले. "आता वढा रेघ."

पट्टी तिथेच राहिली.

---

तीन आठवडे नुसत्या रेघा.

रद्दीच्या कागदावर दोन ठिपके द्यायचे. एकापासून दुसऱ्यापर्यंत एका दमात रेघ न्यायची. बस्स. पट्टीशिवाय ओढलेली आपली पहिली रेघ बघून दिगंबररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती थांबत होती, चाचरत होती, ठिपक्याजवळ येऊन भलतीकडेच जात होती. पंचवीस वर्षं आपण नव्हे, ती पट्टीच रेघा ओढत होती की काय, अशी शंका त्यांना आली.

"मनगटातनं न्हाई साहेब. खांद्यातनं."

"ठिपक्याकडं बघा. हाताकडं न्हाई. हात कुठं पळून जातोय?"

"आधी हवेतच फिरवा. चार डाव. हाताला वाट कळू द्या. मग टेकवा."

एकदा दिगंबररावांनी चुकलेली रेघ रुमालाने पुसली. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"खोडायचं न्हाई."

"चुकलीय ती."

"चुकली तर ऱ्हाऊ द्या. तिच्याच शेजारी दुसरी वढा. पहिली जागंवर असली तर दुसरीला कळंल कुठं जायचं न्हाई ते."

मग लंबगोल. दोन समांतर रेघा मारायच्या आणि त्यांच्यामध्ये एकाला एक चिकटून लंबगोल भरत जायचे. हात थांबवायचा नाही. त्याच लंबगोलावरून दोनदा फिरवायचा. दिगंबररावांच्या लंबगोलांना दोन्ही अंगांना टोकं यायची.

"मासं काढलेत व्हय?" मास्तर म्हणायचे. "कळशीच्या तोंडाला कोपरं नसत्यात. भरताना बाईमाणसाचा हात कापंल."

दिगंबरराव हसत नसत. ते मनातल्या मनात दिवस मोजत. घरी गेल्यावर अक्काच्या पुढ्यात बोट धरून, "दिसतंय का?" म्हणून विचारत. अक्का "दिसतंय" म्हणायची. पण बोट थोडं बाजूला नेलं की तिची मान त्याच्यामागे वळायची, आणि दिगंबरराव बोट खाली घ्यायचे.

अशा दिवसांत हा कळशीचा वाद झाला होता.

मास्तर त्या वेळी वादाला उभे राहिले नाहीत. ते कोपऱ्यातल्या विटा घेऊन आले. पाटावर एक वीट ठेवली, तिच्यावर कळशी ठेवली.

"बघा."

दिगंबररावांनी बघितलं. तोंडाचा लंबगोल किंचित चपटा झाला होता.

आणखी एक वीट. आणखी चपटा. आणखी दोन. मास्तर वाकत होते, विटा लावत होते, धापा टाकत होते. दिगंबरराव मदतीला उठले तर हातानेच त्यांना खाली बसवलं.

"जागा सोडू नका."

शेवटी कळशीचं तोंड बरोबर दिगंबररावांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिथे लंबगोल राहिलाच नाही. एक आडवी रेघ राहिली. पितळेची, लखलखीत, अगदी सरळ.

"तोंड कुठं गेलं?" मास्तरांनी विचारलं.

दिगंबररावांनी एक डोळा मिटून पुन्हा बघितलं.

मास्तरांनी कळशी उचलून वरच्या फळीवर ठेवली. आता तोंड कुठेच नव्हतं. खालून कळशीचं बूड दिसत होतं, काळपट, चुलीच्या धुराने माखलेलं.

"कळशी तीच हाय," मास्तर म्हणाले. "तुम्ही बी तेच हाय."

…

त्या संध्याकाळी दिगंबररावांचा लंबगोल पहिल्यांदा बिनटोकाचा आला. कळशीचं बूडही त्यांनी सपाट काढलं नाही. त्याला तोंडाहून जरा जास्तच गोलाई दिली, कारण ते डोळ्यांपासून जास्त खाली होतं. मास्तरांनी नुसती मान हलवली. दिगंबररावांना वाटलं, झालं. आलं आपल्याला. अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या.

---

आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी आई काढायला घेतली. मास्तरांना विचारलं नाही.

आठ दिवस खपून चित्र झालं. नदीवरून पाणी घेऊन येणारी आई. डाव्या कडेवर कळशी, नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, मागे वाट आणि वाटेच्या कडेच्या बाभळी. वाट दूर जाता जाता चिंचोळी झाली होती. कळशीच्या तोंडाचा लंबगोल असा साधला होता की त्यात पाणी हिंदकळताना दिसावं.

त्यांनी अक्काला खिडकीपाशी उजेडात बसवलं. चित्र हातात दिलं.

अक्काने ते डोळ्यांजवळ नेलं. वाटीएवढ्या नजरेतून ती कागदावर इंच इंच फिरली. कुंकू बघितलं. हात बघितला. वेळ लागला तिला… दिगंबररावांना श्वास घ्यायचं भान नव्हतं.

"छान काढलीस रं," अक्का म्हणाली. "बाई देखणी हाय."

मग तिने मान वर केली.

"कोण ही?"

दिगंबररावांनी चित्र तिच्या हातातून काढून घेतलं. काही बोलले नाहीत. अक्काला मात्र त्या गप्प राहण्यावरून सगळं कळलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की ते बघवेना. तिने चाचपत भावाचं मनगट धरलं. "माझं डोळंच गेलंत रं दिगू. तुझी चूक न्हाई," असं ती म्हणत राहिली.

---

मास्तर चुलीवर सरस ढवळत होते. दिगंबरराव आत आले ते चपला न काढताच.

"चार महिने झाले!"

मास्तरांनी वर बघितलं.

"रेघा ओढल्या. लंबगोल काढले. तुम्ही सांगाल ते केलं. हे घ्या. यात चूक दाखवा एक. लंबगोल बरोबर आहे, वाट बरोबर आहे. आणि अक्का विचारते, ही कोण! मग हे सगळं शिकून मिळवलं काय मी? तिचे डोळे चाललेत मास्तर. माझ्याकडे आणखी चार महिने नाहीत."

आवाज शेवटी फुटला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, ज्याच्या पुढे गावचे पाटील हात जोडून उभे राहत, तो एका पत्र्याच्या खोलीत उभा राहून रडायच्या बेताला आला होता.

मास्तरांनी चित्र घेतलं. बघितलं. लांब धरलं नाही, जवळ धरलं नाही. खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चला."

थिएटरचं मागचं दार किरकिरत उघडलं. आत दुपारची वेळ असूनही अंधूक होतं. फुटक्या कौलांतून उजेडाचे चार पट्टे खाली उतरले होते. खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक तेवढी शिल्लक होती. तिचा पाय मोडका होता, म्हणून ती कुणी नेली नव्हती. पुढे हातभर उंचीचं स्टेज.

मास्तरांनी दोरी सोडली. धूळ उडाली, आणि गुंडाळलेला पडदा खडखडत खाली आला.

रस्ता होता. दोन्ही अंगांना माड्या, सज्जे, दुकानं, कमानी. रस्ता आत आत जात होता.

"कसा हाय?"

दिगंबररावांनी उभ्यानेच बघितलं. रागात होते, तरी नजर तयार झाली होती.

"चुकलाय," ते म्हणाले. "रस्ता खड्ड्यात उतरल्यासारखा वाटतो. घरं मागे कलंडल्यासारखी."

"खुर्चीत बसून बघा."

ते मोडक्या खुर्चीत सांभाळून बसले. "थोडा बरा. पण अजून चुकलेलाच आहे."

"आता या हिकडं."

मास्तर त्यांना पार मागे घेऊन गेले, शेवटच्या भिंतीपाशी. तिथे फरशीही नव्हती, मातीची जमीन होती.

"बसा."

"इथे?"

"जमिनीवर."

दिगंबरराव मांडी घालून बसले. वर बघितलं. आणि बघतच राहिले… रस्ता सरळ झाला होता. माड्या ताठ उभ्या राहिल्या होत्या. सज्ज्यांच्या, पायऱ्यांच्या, कौलांच्या सगळ्या रेघा दूर एका ठिपक्याला जाऊन मिळत होत्या, आणि तो ठिपका बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. उठावं आणि त्या रस्त्याने चालत जावं, इतका तो खरा झाला होता.

"हिथं हमाल बसायचे," मास्तर शेजारी टेकत म्हणाले. "टांगेवाले. एक आण्याच्या तिकिटाची माणसं. मालक मला म्हणायचे, खुर्चीतनं बघून काढ. खुर्चीत मामलेदार असायचे, वकील असायचे. मी म्हणायचो, काढतो. अन् हिथं येऊन बसायचो. हिथनं सुतळी धरून डोळ्याची रेघ मारायचो. दर पडद्याला."

"आणि मामलेदार? त्यांना वाकडा दिसायचा की रस्ता."

"त्येंला खरा रस्ता व्हता घरला जायला."

…

 कौलांतला एक पट्टा सरकत पडद्यावरच्या कमानीवर आला.

मग मास्तरांनी चित्र पुढे धरलं.

"कळशीत पाणी दिसतंय."

"हो."

"कुणाला दिसलं?"

दिगंबररावांना प्रश्न कळला नाही. "म्हणजे… आईच्या कडेवर कळशी. समोरून बघणाऱ्याला दिसणारच की."

"समोर कोण व्हतं?"

"मी."

"कुठं?"

"उंबऱ्यावर. ती नदीवरून यायची तेव्हा मी उंबऱ्यावर बसून वाट बघायचो."

"केवढा व्हतास?"

मास्तरांनी 'साहेब' सोडलं होतं. 'तुम्ही'ही सोडलं होतं. दिगंबररावांच्या ते ध्यानातही आलं नाही.

"पाच वर्षांचा."

 मास्तरांनी आपला थरथरता हात उचलला, आडवा केला आणि जमिनीपासून जेमतेम सव्वा हातावर हवेत धरला. उंबऱ्यावर बसलेल्या पाच वर्षांच्या पोराचे डोळे येतील तिथे. आणि तो हात तिथेच ठेवला.

दिगंबरराव त्या हाताकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी मांडी मोडली. एक कोपर जमिनीला टेकवलं. दुसरं टेकवलं. स्वच्छ धुतलेला शर्ट, खिशातलं पेन, कशाचीच फिकीर न करता ते त्या मातीत खाली गेले, आणि त्यांचे डोळे मास्तरांच्या तळव्याच्या रेषेत आले.

तिथून त्यांनी वर बघितलं. पडदा नव्हता बघायचा त्यांना.

"कळशीचं तोंड दिसत नाही," ते म्हणाले.

"हं."

"बूड दिसतंय. काळं. एका अंगाला पोचा आहे त्याला…" त्यांनी बोट वर केलं. "मास्तर, कडेवर कळशी असायची. म्हणून तिला मला घेता यायचं नाही. मी रडायचो. मग ती दुसरा हात खाली करायची. बोट धरायला."

मास्तरांनी आपला हात खाली घेतला.

"हे मी विसरलो होतो," दिगंबरराव म्हणाले, आणि मातीत तसेच पडून रडले. आता ते आवरायला कुणी सांगितलं नाही.

---

ते चित्र त्यांनी एका बैठकीत काढलं. घराच्या उंबऱ्यावर बसून, रद्दीच्या कागदावर, कोळशाने. रेघ खांद्यातून आली. कुठे चुकली तिथे तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढली.

चित्रात आईचा चेहरा जवळजवळ नव्हताच. हनुवटीची खालची बाजू होती, नाकपुड्या होत्या, कपाळ पदराआड गेलेलं. कडेवर कळशी, तिचं काळं बूड आणि बुडाला पोचा. पायांशी नऊवारीचा ओला काठ, मोठा, जवळचा. आणि वरून खाली येणारा एक हात. त्याची बोटं कागदावर सगळ्यात मोठी होती, कारण ती सगळ्यात जवळ होती.

अक्काने कागद डोळ्यांशी नेला.

वाटीएवढी नजर ओल्या काठापासून वर चढू लागली. दिगंबरराव तिच्या पुढ्यात खाली बसले होते. त्यांनी यावेळी श्वास धरून ठेवला नव्हता. आलं तर आलं.

नजर कळशीच्या बुडाशी थांबली. मग त्या खाली आलेल्या हाताशी. तिथे ती इतका वेळ थांबली की दिगंबररावांना वाटलं, दिसेनासं झालं हिला.

"अगं आई," अक्का म्हणाली.

ती भावाशी बोलत नव्हती. साठीची अक्का नव्हतीच ती. चौदा वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो, थोडा रागावलेला, घाईचा.

"अगं, दे की ती कळशी माझ्याकडं. पोर कवाधरनं रडतंय… घे त्याला कडंवर."

---

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तरांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

"चेहरा तेवढा नाही आला मास्तर," दिगंबरराव म्हणाले. "नाकपुड्यांच्या वर मला काही दिसतच नाही. तिथून दिसणारही नाही आता."

"न्हाई दिसायचं."

…

खिडकीतून वारा आला. सागवानी पट्टी टेकूला होती म्हणून खिडकी मिटली नाही.

"अक्काचे डोळे?" मास्तरांनी विचारलं.

"आहेत अजून थोडे. समोर बसलं तर चेहरा ओळखते."

"तिला काढलंस कधी?"

"अक्काला?" दिगंबरराव गोंधळले. "नाही. ती काय… ती तर घरातच असते."

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या विटा एकेक करून आणल्या आणि दिगंबररावांच्या पुढ्यात रचल्या. त्यांच्यावर कळशी ठेवली. मागे सरून बघितलं, एक वीट काढली, अर्धी घातली. कळशीचं तोंड दिगंबररावांच्या डोळ्यांसमोर मिटत मिटत एक सरळ, लखलखीत रेघ झालं तेव्हा थांबले.

मग कोरा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ती तुला कडंवर घिऊन गावभर फिरायची म्हणालास," यल्लाप्पा मास्तर म्हणाले. "तवा तुझं डोळं कुठं व्हतं, दिगंबरा?"